‘हरली’ म्हणायला हरकत नाही

वाचकाचं पत्र:

नाशिकमधल्या आमच्या सोसायटीत दरवर्षी २६ जानेवारीला मुलांच्या स्पर्धा होतात. साधारण ६० मुलं असतात. यंदा समितीने ठरवलं की क्रमांक काढायचे नाहीत, सगळ्यांना सारखंच पदक द्यायचं आणि माइकवरून ‘हरला’, ‘बाद’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. कुणाच्या भावना दुखावू नयेत, हे कारण. माझी दहा वर्षांची मुलगी ५० मीटरमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. घरी येऊन तिने पदक टेबलावर टाकलं आणि म्हणाली, ‘मग मी एवढी जोरात कशाला धावले?’ शेजारचा मुलगा सगळ्यांत मागे राहिला होता, तो पदक बाकावरच ठेवून गेला. ग्रुपवर मी विषय काढला, तर माझे विचार मागासलेले आहेत असं उत्तर आलं. पण त्याच दिवशी एक आजोबा मागे पडलेल्या मुलांना ‘बांगड्या भरा’ म्हणून ओरडत होते, तेव्हा समितीचं म्हणणंही पटलं. एका मुलाला ऐकू कमी येतं, त्याला वेगळी ‘खास’ शर्यत द्यावी का यावरूनही वाद आहे. मेमध्ये पुन्हा स्पर्धा आहेत आणि आखणी माझ्याकडे आली आहे. काय करू?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या समितीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच नियमात बांधल्या आणि तिथेच घोळ झाला. ‘बांगड्या भरा’ हे वाक्य मुलगा कोण आहे, कसा आहे यावर बोलतं, आणि जाता जाता शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीला कमी लेखतं. ‘तो हरला’ हे वाक्य फक्त मघाशी दहा-बारा सेकंदांत काय झालं ते सांगतं. पहिलं मैदानावर चालू देऊ नका, अगदी कडकपणे. दुसरं चालू राहू द्या. ‘रडी’, ‘जाड्या’, ‘लंगड्या’, ‘मुलगी असूनसुद्धा बघा कशी धावते’ हे सगळं पहिल्या टोपलीतलं. ‘दुसरी आली’, ‘बाद झाला’, ‘चार गुणांनी हरले’ हे दुसऱ्या टोपलीतलं. शब्द जपून वापरायचा आग्रह योग्यच आहे. तो माणसाच्या अपमानाला लावायचा, निकालाला लावायचा नाही.

निकाल लपवला की मुलांना काय वाटतं, हे सांगायला मराठीत एक जुना शब्द आहे: कच्चं लिंबू. लपाछपीत धाकट्या भावाला घेतात, तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला यात मजा वाटते. मग एक दिवस तेच पोर हट्टाने म्हणतं, ‘मी कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या.’ राज्य येणं ही शिक्षा असूनही ते मागतं, कारण आपण खरंच खेळात आहोत याची तीच खूण असते. ६० मुलांना एकसारखं पदक म्हणजे ६० कच्ची लिंबं. तुमची मुलगी आणि शेजारचा मुलगा, एक पुढची आणि एक मागचा, दोघांनीही पदक टाकून दिलं ते याचमुळे.

न्याय आणि कणव यांची गल्लत करायची नसेल तर पॅरालिम्पिक कसं चालतं ते पाहा. २०२४ साली पॅरिसला सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांनी एफ ४६, म्हणजे हाताला मर्यादा असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण कॅनडाच्या खेळाडूला गेलं, १६.३८ मीटरवर. अंतर ६ सेंटिमीटर. तिथे सगळी काळजी गट पाडण्यात घेतात: कुणाच्या हाताला काय मर्यादा आहे, कोण कोणाशी लढू शकतो, हे तज्ज्ञ आधी तपासतात. एकदा गट ठरला की मग टेप लावून सेंटिमीटर मोजतात आणि त्यात कुणालाही सूट नाही. तुमच्या स्पर्धेलाही हाच क्रम लावा. आधी लढत बरोबरीची करा, मग निकाल मोकळेपणाने सांगा.

समितीतलं कुणी ‘परदेशात क्रमांक काढत नाहीत’ म्हणालं तर ते पूर्ण चूक नाही. नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी १९८७पासून नियम आहेत. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि गुणतक्ते लावत नाहीत, तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, आणि लहान वयात बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना. हाच देश २०२२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेऊन पदकतक्त्यात पहिला आला. पण तिथे सामना होतो, गोल मोजले जातात, कोण जिंकलं ते मैदानावरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पोरांची उतरंड लावून ती भिंतीवर टांगायची नाही, एवढाच तो नियम आहे. ‘हरलो’ म्हणायला बंदी नाही. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच: वरचे तीन क्रमांक जाहीर करा, पूर्ण यादी लावू नका. शेवटचा कोण हे माइकवरून सांगायची गरज तशीही नसते.

आता मेच्या आखणीकडे येऊ. वयोगट तीन करा: सात वर्षांपर्यंत, आठ ते दहा, अकरा ते तेरा. सातच्या आतल्यांना क्रमांक नकोत, तिथे समितीचं ऐका. प्रयत्न वेगळा आणि कुवत वेगळी, हे त्या वयात कळत नाही. त्यांना धावू दे, चिक्की द्या, घरी पाठवा. आठ ते दहाच्या गटात मात्र जन्ममहिना बघा. नुकताच आठ पूर्ण झालेला मुलगा आणि नऊला एक महिना कमी असलेला मुलगा यांच्यात ११ महिन्यांचं अंतर असतं, म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा जवळपास नववा हिस्सा. ‘हा स्लो आहे’ असा शिक्का बसलेली बरीच मुलं फक्त उशिरा जन्मलेली असतात. मुलं पुरेशी असतील तर सहा-सहा महिन्यांचे गट पाडा.

धावण्याची शर्यत दोनदा घ्या. पहिली सरळ, सगळे एकाच रेषेवरून. दुसरी आघाडी देऊन, म्हणजे मंद धावणारा पुढून सुरुवात करतो आणि सगळ्यांना जिंकायची जवळपास सारखी संधी मिळते. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल गावी १८७८पासून अशी एक नावाजलेली शर्यत होते, मोठमोठे धावपटू तिथे वेगवेगळ्या खुणांवरून पळतात. आघाडी काढायचं गणित असं: ५० ला सर्वांत वेगवान मुलाच्या वेळेने गुणा, ज्याची आघाडी काढायची त्याच्या वेळेने भागा, आलेलं उत्तर ५० मधून वजा करा. सर्वांत वेगवान १० सेकंद आणि दुसरा ११ सेकंद असेल तर त्याची सुरुवात साधारण साडेचार मीटर पुढून. साडेदहा सेकंदवाल्याची २.४ मीटर पुढून, बारावाल्याची ८.३ मीटर पुढून. यात एक हमखास गडबड होते: आघाडी मिळणार हे कळलं की काही मुलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे पालक, चाचणीत मुद्दाम हळू धावायला लावतात. म्हणून वेगळी चाचणी घेऊच नका. सरळ शर्यतीतला वेळ हाच आधार धरा. तिथे पहिल्या तीन क्रमांकांना बक्षीस आहे, त्यामुळे कुणी मुद्दाम मागे राहणार नाही. दोन शर्यतींमध्ये निदान अर्धा तास ठेवा, पाणी पाजा, आणि मे महिना आहे तर सगळं सकाळी साडेआठच्या आत आटपा.

वेळ घेताना दोन माणसं आणि एक रंगीत फडकं लागतं. सुरुवात करणाऱ्याने ‘पळा’ ओरडण्याऐवजी फडकं झटकन खाली आणायचं, आणि अंतिम रेषेवरच्याने फडकं हललं की मोबाइलचं घड्याळ सुरू करायचं. आवाजावर घड्याळ सुरू केलं तर ५० मीटरवरून आवाज यायलाच साधारण ०.१५ सेकंद जातात. शिवाय हाताने घेतलेल्या वेळेत एक-दोन दशांशांची चूक असतेच, त्यामुळे ‘मागच्यापेक्षा ०.१ने सुधारला’ याला अर्थ नाही. ०.३ सेकंदांच्या पुढचा फरक खरा माना. छाती रेषा ओलांडते तो क्षण धरायचा, हात किंवा डोकं नाही. रेषेनंतर १० ते १५ मीटर मोकळी जागा हवी, भिंत किंवा उभी गाडी नको, कारण मुलं रेषेवर थांबत नाहीत. पट्टे फक्कीने आखा, प्रत्येक १.२ मीटर रुंद. आघाडीच्या शर्यतीत मागून येणारं मूल पट्टा बदलून पुढच्याला धडकतं, तेव्हा पट्टे नसतील तर ही शर्यत घेऊच नका.

आणि हे फडकं म्हणजेच तुमच्या तिसऱ्या वादाचं उत्तर आहे. ज्या मुलाला ऐकू कमी येतं त्याला ‘खास’ शर्यत नको. त्याचे पाय ठणठणीत आहेत, त्याची अडचण फक्त शिट्टीची होती. खूण सगळ्यांसाठी डोळ्यांनी दिसणारी केली की तो सहावा पट्टा घेऊन सगळ्यांबरोबर उभा राहील. त्याला आधी एकदा दाखवून ठेवा की बघायचं कुठे. रेषेवर तो शेवटून दुसरा आला तर प्रेक्षकांना ‘याच्यासाठी जोरदार टाळ्या’ असं माइकवरून सांगू नका. त्या टाळ्यांचा अर्थ त्याला चांगला कळतो. पहिला आला तर नाव आणि वेळ, इतरांचं सांगतात तसंच.

संगीत खुर्चीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलांना काय बोचतं ते या एका खेळात स्वच्छ दिसतं. जिला खेळाची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर जाते आणि पुढची वीस मिनिटं गुडघे जवळ घेऊन बसते. हरण्यापेक्षा ते बसणं जास्त लागतं. आपल्या कबड्डीत ही सोय फार सुंदर केलेली आहे: गडी बाद झाला तरी आपल्या बाजूने समोरचा एक मारला की बाद झालेल्यांपैकी आधी गेलेला जिवंत होऊन आत येतो, आणि लोण चढला, म्हणजे सगळेच बाद झाले, तर समोरच्याला दोन जादा गुण देऊन अख्खा संघ पुन्हा उभा राहतो. संगीत खुर्चीतही तसं करता येतं. १२ मुलांना ८ खुर्च्या ठेवा आणि खुर्ची काढून न घेता दहा फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरीत उभ्या राहिलेल्या चौघांच्या नावापुढे एक टिंब. ११ खुर्च्या ठेवू नका, मग दहा फेऱ्यांत दहाच टिंबं पडतात आणि निम्मी मुलं बरोबरीत अडकतात. सर्वांत कमी टिंबांच्या चौघांमध्ये शेवटी जुन्या पद्धतीने निकाल लावा. सगळी मुलं दहाही फेऱ्या खेळतात, आणि जिंकणारी खरीच जिंकते.

खो-खोचे संघ दोन कप्तानांना आळीपाळीने निवडायला देऊ नका. शेवटपर्यंत उभं राहिलेलं मूल तो अर्धा मिनिट वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि माइकवरचे शब्द कितीही तपासले तरी हा अपमान त्यात सापडत नाही. १८ मुलांची यादी आदल्या रात्री दोन मोठ्यांनी बसून अंदाजे कुवतीने लावायची आणि नागमोडी वाटायची: पहिल्या संघात १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६, १७ आणि उरलेले दुसऱ्यात. बेरीज केलीत तर ८५ आणि ८६ येते, इतके संघ तोलाचे होतात. मुलांना फक्त अंतिम यादी दाखवा, क्रम दाखवू नका आणि तो कागद फाडून टाका. मोठ्यांची पाळी ९ मिनिटांची असते, तुम्ही ५ची ठेवा. मातीवर किंवा गवतावरच खेळवा. पेव्हर ब्लॉकवर सूर मारला की हनुवटी फुटते.

तरीही सामना एकतर्फी झाला तर? तगड्या संघाला ‘जरा हळू घ्या’ म्हणणं सर्वांत वाईट, कारण आपल्यावर दया होते आहे हे समोरच्यांना लगेच दिसतं. पहिला डाव संपला की गुण जाहीर करा, ‘हा डाव यांनी जिंकला’ म्हणून सांगा आणि संघ नव्याने पाडून दुसरा सामना सुरू करा.

बक्षिसांबद्दल समितीला मधला रस्ता देता येईल. पदकं, सातच्या आतले सोडून, प्रत्येक गटात पहिल्या तिघांना. प्रमाणपत्र सगळ्यांना, पण त्यावर ‘सहभागाबद्दल’ असं मोघम न लिहिता त्या मुलाचा आकडा लिहायचा: ‘५० मीटर, १०.८ सेकंद’. पुढच्या वर्षी तो कागद समोर ठेवून त्याला स्वतःशीच शर्यत लावता येते. उत्तेजनार्थ द्यायचं असेल तर जाहीर करताना स्पष्ट ‘चौथा क्रमांक’ म्हणा. १९६० साली रोममध्ये मिल्खा सिंग चौथे होते, १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या. साताऱ्याच्या मोही गावची, खो-खोपासून सुरुवात केलेली ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली. दहावी म्हटल्याने तिचं काही कमी झालं नाही.

आजोबांशी स्पर्धेच्या आधी बोला, सगळ्यांसमोर नको. ‘आजोबा, तुम्ही मुलांना जोर यावा म्हणून बोलता हे कळतं, पण बांगड्यांचं नको, आमच्या मुली ऐकत असतात.’ इतकंच. जास्त समजवायची वेळ आली तर सांगा की जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक आपल्या महिला संघाने नेपाळला ७८–४० असं हरवून जिंकला, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मग त्यांच्या हातात ते रंगीत फडकं द्या. ज्याच्या हातात काम असतं तो ओरडत नाही.

समितीच्या बैठकीत ‘पोलिटिकली करेक्ट’ हा शब्द तोंडातूनही काढू नका. ‘मागासलेले’ या शब्दाने तुमचं जे झालं तेच त्या शब्दाने समोरच्याचं होईल, आणि मग मुलं बाजूला राहून मोठ्यांचीच हारजीत सुरू होईल. एक पानी प्रस्ताव न्या आणि तो फक्त आठ ते दहाच्या गटापुरता, एका वर्षासाठी मागा. सुरुवात त्यांच्या मुद्द्याने करा: ‘कुणाचा अपमान होऊ नये हे आपलं ठरलेलं आहे, ते तसंच राहील. अपमान करणारे शब्द कोणते ते आपण लिहूनच काढू. निकाल मात्र सांगू.’ ती शब्दांची यादी खरोखर लिहा, दहा-बारा ओळींची, आणि माइकवाल्याच्या हातात द्या. नुसतं ‘सांभाळून बोला’ सांगितलं की तो घाबरून ‘सगळेच विजेते’वर येऊन थांबतो.

आता तुमची मुलगी. तिला उत्तर द्या, ते तिने मागितलं आहे: ‘तू पहिली आलीस. तुझा वेळ कुणी घेतला नाही ही आमची चूक, मेमध्ये घेऊ.’ समिती कशी चुकली हे तिच्यासमोर बोलू नका, नाहीतर त्या काका-काकूंकडे बघण्याची तिची नजरच बदलेल. आणि जिंकण्याची रीतही तिला आत्ताच शिकवा. बऱ्याच मुलांचं हस्तांदोलन म्हणजे बोटं लागली न लागली आणि नजर पालकांच्या मोबाइलकडे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून, हात पुरता धरून, एक खरी गोष्ट म्हणायची: ‘शेवटी तू मला गाठलंच होतंस’. गाठलं नसेल तर ते म्हणायचं नाही, दुसरं काहीतरी खरं शोधायचं.

शेजारच्या मुलाच्या आईशी तुमचं बोलणं असेल तर तिलाही सांगा. रेषेनंतरची पहिली पंधरा मिनिटं काही समजवायचं नाही. पाणी द्यायचं, रडला तर रडू द्यायचं, फोटो काढायचा नाही, आणि ‘तू पण जिंकलास’ तर अजिबात म्हणायचं नाही, कारण पुढच्या वेळी खरी स्तुती केली तरी तो विश्वास ठेवणार नाही. संध्याकाळी विचारायचं, ‘कुठे मागे पडलास असं वाटलं?’ बहुतेक वेळा ही मुलं ताठ उभी राहून सुरुवात करतात, मध्येच शेजारच्या पट्ट्याकडे बघतात आणि रेषा जवळ आली की आधीच वेग सोडतात. तिन्ही गोष्टी सुधारतात. एक पाय पुढे, त्याच्या उलटा हात पुढे, गुडघे किंचित वाकलेले. नजर रेषेपलीकडच्या एखाद्या झाडावर. आणि धावायचं रेषेपर्यंत न समजता पाच मीटर पुढपर्यंत. आठवड्यातून तीन संध्याकाळी, २० मीटरच्या सहा धावा, मध्ये चालत परत यायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुमची मुलगी बरोबर पळाली तर दोघांनाही बरं वाटेल.

जानेवारीतली पदकं उरली असतील तर ती वाया घालवू नका. पहिल्या तिघांसाठी तीच वापरा. मागच्या सपाट बाजूला छोटा पांढरा स्टिकर लावून त्यावर बॉलपेनने नाव, क्रमांक आणि वेळ लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे घामाने शाई पसरत नाही.